इंजिन बसण्याआधी ऑइल काय सांगतं? ट्रॅक्टर, ट्रक आणि जनरेटरवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर, पुणे-बेंगळुरू हायवेवरचे ट्रक, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतले जनरेटर, खडी क्रशरवरचे लोडर. डिझेल इंजिन ज्याच्या ताब्यात आहे त्याला हे प्रश्न कधी ना कधी पडतात. लॅबमध्ये काय दिसतं आणि हाताने-डोळ्याने काय कळतं, या दोन्हींची उत्तरं इथे दिली आहेत.

ऑइल ॲनालिसिस म्हणजे नेमकं काय तपासतात?

इंजिनातून काढलेलं थोडं वापरलेलं ऑइल लॅबला जातं आणि त्यात तीन गोष्टी बघतात: इंजिनाचा कुठला भाग झिजतोय, बाहेरून आत काय शिरलंय, आणि ऑइलमध्ये अजून दम आहे का.

कोल्हापुरात हे समजायला अवघड नाही. फौंड्रीत मेटल ओतण्याआधी नमुन्याची चकती स्पेक्ट्रोला, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राला, लावतात आणि कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती ते लगेच पडद्यावर येतं. ऑइलचंही तत्त्व तेच. नमुना प्रचंड तापवला की त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक रंगाचा प्रकाश टाकतं. तो मोजून लोखंड किती, तांबं किती हे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असं लिहून येतं. शिवाय ऑइलचा जाडपणा, काजळी, पाणी, डिझेल आणि टीबीएन तपासतात. जळणातून तयार होणारं आम्ल मारायची ताकद ऑइलमध्ये किती उरली, ते टीबीएनवरून कळतं. नव्या ऑइलच्या तुलनेत टीबीएन निम्म्यावर आला की ऑइल बदलायची वेळ जवळ आली म्हणायची.

ही पद्धत काही कालची नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने १९४६ मध्ये ऑइलमधल्या धातूंवरून डिझेल इंजिनातले बिघाड ओळखायला सुरुवात केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही लोकोच्या ऑइलची अशी तपासणी होत आली आहे.

रिपोर्टमध्ये दहा-पंधरा धातूंची नावं असतात. कुठला धातू कशाचा?

लोखंड लायनर, क्रँक, कॅम आणि गियरमधून येतं. क्रोमियम बहुतेक रिंगांचं. ॲल्युमिनियम पिस्टनचं. शिसं आणि कथील हे बेअरिंगच्या वरच्या मऊ थरातले, आणि तांबं त्याच्या खालच्या थरातलं, गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) किंवा टर्बोच्या बुशातलं, नाहीतर ऑइल कूलरचं. सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ. सोडियम आणि पोटॅशियम कूलंटमधून येतात. कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस यांचे मोठे आकडे बघून घाबरू नका. ते ऑइल बनवतानाच त्यात घातलेले असतात.

पण एकेक धातू सुटा वाचला की फसगत होते, रिपोर्ट जोडीने वाचायचा. सिलिकॉन वाढलं आणि सोबत लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियमही वाढलं, तर इंजिन धूळ खातंय आणि ती धूळ लायनर-रिंग घासतेय. शिसं आणि तांबं वाढलं, ऑइलही पातळ झालं, तर बेअरिंगवर संकट आहे. सोडियम वाढून पाण्याचा अंश दिसला, तर हेड गॅस्केट, लायनरच्या ओ-रिंगा किंवा ऑइल कूलर यांपैकी काहीतरी गळतंय. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनात सिलिकॉन जास्त दिसलं तर ते गॅस्केट सीलंटचंही असू शकतं, आणि तांबं नव्या ऑइल कूलरमधून सुटलेलं असू शकतं. बाकीचे धातू शांत असतील तर तिथे घाई नको.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट लक्षात ठेवा. राधानगरीकडच्या पट्ट्यात बॉक्साइट आहे, आणि बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमचंच खनिज. त्या बाजूला चालणाऱ्या गाडीच्या ऑइलमध्ये ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टनला दोष देण्याआधी एअर क्लीनर बघा. परगावच्या लॅबला हे माहीत असेलच असं नाही, त्यामुळे नमुन्याच्या चिठ्ठीवर गाडी कुठे चालते तेही लिहा.

आमचे मेस्त्री बोटावर घेऊन ऑइल ओळखतात. मग लॅब कशाला?

मेस्त्रींचं बोट खोटं बोलत नाही. डिझेल मिसळलं की ऑइल पातळ लागतं आणि वास येतो, पाणी शिरलं की पांढुरकं होतं. हे चांगल्या मेस्त्रींना क्षणात कळतं. पण बेअरिंग झिजायला लागतं तेव्हा सुटणारे कण मायक्रॉनमध्ये मोजायचे असतात, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि स्पेक्ट्रोला दिसणारे कण पाच-दहा मायक्रॉनच्या आतले. ते कुठल्याच बोटाला लागणार नाहीत.

उलट बाजूही तितकीच खरी. त्याहून मोठे कण स्पेक्ट्रोला नीट दिसतच नाहीत. बेअरिंगचे पापुद्रे निघत असतील तर रिपोर्ट चक्क ठीक येऊ शकतो, आणि तो पापुद्रा सापडतो फिल्टरमध्ये, मेस्त्रींच्या हातात. म्हणून लॅब की मेस्त्री हा वादच चुकीचा आहे.

फिल्टर कापून बघतात म्हणजे काय करतात?

प्रत्येक ऑइल चेंजला करावी अशी ही तपासणी आहे, आणि ती फुकट होते. तरीही बहुतेक गॅरेजमध्ये जुना फिल्टर सरळ भंगारात जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फिल्टर उलटा ठेवून ऑइल निथळू द्या. डबा हॅक्सॉने कापू नका, कारण करवतीचा कीस आत पडतो आणि मग इंजिनाचं लोखंड कुठलं आणि डब्याचं कुठलं ते कळत नाही. पाइप कटरसारखं चाकाचं कटर मिळतं, ते वापरा. आतल्या कागदाच्या घड्या ब्लेडने सोडवा, पट्टी स्वच्छ फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये दाबा म्हणजे उरलेलं ऑइल निघेल, आणि मग ती उन्हात नेऊन पसरा. तिरपी धरून हळूहळू फिरवा. काळा गाळ सगळीकडे असणारच, त्याकडे दुर्लक्ष करा. चमक शोधा. पांढुरकी चमक दिसली तर कागदाखालून लोहचुंबक फिरवा. कण हलले तर लोखंड, जागचे हलले नाहीत तर पिस्टनचं ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा थर. पिवळसर-तांबूस चमक बुशाची. एखाद-दुसरा ठिपका चालतो. पण घडीघडीत चकाकी असेल, किंवा नखावर घेता येईल असा पापुद्रा सापडला, तर त्या दिवशी इंजिन चालू करू नका. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवून बेअरिंग बघा.

ऑइल बदलल्यावर दोन दिवसांत काळं होतं. ऑइल भेसळीचं असेल का?

काळं होण्यावरून तसं म्हणता येत नाही. डिझेलच्या जळणातून काजळी येते आणि ती पोटात धरून ठेवणं हे ऑइलचंच काम आहे. काळं न होणारं ऑइल कदाचित काजळी इंजिनात सोडून येत असेल.

ऑइल काजळी अजून धरू शकतं का, ते घरी बघता येतं. इंजिन गरम असताना डिपस्टिकवरचा एक थेंब फिल्टर पेपरवर सोडा, पेपर अधांतरी राहील असा वाटीवर ठेवा आणि रात्रभर सुकू द्या. काळा रंग मधून बाहेर हळूहळू फिका होत पसरला असेल तर ऑइल चांगलं आहे. मध्ये गडद, कडा स्पष्ट असलेला ठिपका आणि बाहेर जवळजवळ काहीच नाही, असं दिसलं तर ऑइलची काजळी धरायची ताकद संपली. सगळ्यात बाहेर फिकट तेलकट कडं दिसलं तर डिझेलचा संशय घ्या. हे पेपर तारीख आणि तास लिहून जपून ठेवा.

टॉप-अप न करताही डिपस्टिकवरची लेव्हल वाढलीय. चांगलंच ना?

नाही! लेव्हल कमी होण्यापेक्षा वाढणं जास्त घातक आहे. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल किंवा पाणी येतंय. फीड पंपाचं सील गेलेलं असेल, नोझल थेंब-थेंब गळत असेल, नाहीतर कूलंट शिरत असेल. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये तो फिल्टर जाळून साफ होताना जादा डिझेल मारलं जातं. गाडी सारखी कमी अंतरावर फिरत असेल आणि ही सफाई अर्धवट राहत असेल, तर ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

१५डब्ल्यू-४० ऑइलचा जाडपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्स असायला हवा. डिझेल मिसळल्यावर तो खाली येतो, क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. वाढलेली लेव्हल दिसली की कारण सापडेपर्यंत लोडवर गाडी काढू नका.

ऊस हंगामात ट्रॅक्टरचं ऑइल केव्हा बदलायचं? किलोमीटर तर फारसे होत नाहीत.

किलोमीटर विसरा, तासमीटर बघा. पुस्तिकेत ट्रॅक्टरचा हिशोब तासांतच दिलेला असतो, बऱ्याच मॉडेलना २५० तास. तासमीटर बंद असेल तर हंगामाआधी तो पहिल्यांदा दुरुस्त करून घ्या.

हंगामात इंजिनाला दोन टोकाची कामं पडतात. मऊ रानातून उसाने भरलेले दोन ट्रेलर ओढून रस्त्यावर काढताना पूर्ण लोड, आणि कारखान्यावर नंबर लागेपर्यंत यार्डात उभं राहणं. गव्हाणीकडे चार पावलं सरकायचं म्हणून इंजिन तासन् तास मंद चालू ठेवतात. हे फुकटचं चालणं वाटतं, पण थंड पडलेल्या सिलिंडरमध्ये डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी आणि कच्चं डिझेल रिंगांवरून खाली उतरतं. रांग हलत नसेल तर इंजिन बंद करा. बॅटरी-स्टार्टर ठीक नाही म्हणून चालू ठेवत असाल तर बॅटरी बदलणं इंजिन बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

हंगाम सुरू होताना ऑइल आणि फिल्टर नवा, मध्ये एक नमुना, आणि हंगाम संपल्यावर पुन्हा ऑइल चेंज. शेवटचा चेंज पावसाळ्यानंतर करू म्हणून टाळू नका. जुनं आम्लधारी ऑइल घेऊन ट्रॅक्टर चार महिने शेडमध्ये उभा राहिला तर बेअरिंगला आतून गंज धरतो.

इंजिन लवकर बसायचं सगळ्यात मोठं कारण कोणतं?

माझं मत विचाराल तर धूळ. एक लिटर डिझेल जाळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. शेताची वाट, क्रशर, गुऱ्हाळाचं आवार, फौंड्रीचं शेड, जिथे इंजिन चालतं तिथली हवा ते ओढतं. फौंड्रीतल्या साच्यांची वाळू म्हणजे सिलिका, ती लायनरच्या लोखंडापेक्षा कठीण असते. फौंड्रीच्या भिंतीला लागून ठेवलेल्या जनरेटरच्या ऑइलमध्ये सिलिकॉन चढलेलं दिसलं तर त्यात नवल काही नाही.

बहुतेक वेळा धूळ फिल्टरच्या कागदातून येत नाही, बाजूने येते. एअर क्लीनर आणि टर्बो किंवा मॅनिफोल्ड यांच्यामधला रबरी होज तडकलेला असतो, क्लॅम्प ढिला असतो, फिल्टरची रबरी कड नीट बसलेली नसते. होज काढा आणि आतून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फिल्टरच्या पुढच्या बाजूला फडक्यावर माती आली, तर ती थेट सिलिंडरमध्ये जात होती. ही तपासणी दोन मिनिटांची आहे.

कागदी फिल्टर जमिनीवर आपटू नका, कागद फाटतो आणि कड वाकते. कमी प्रेशरची हवा आतून बाहेर मारा, आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करून पुन्हा घालू नका, बदलाच. आणि उगाच रोज उघडूही नका. प्रत्येक उघडझापीत थोडी धूळ आत जाते. चोक झाल्याचा इंडिकेटर असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा. जुन्या ट्रॅक्टरच्या ऑइल-बाथ क्लीनरमध्ये मात्र खुणेपर्यंत ऑइल आहे का आणि तळाशी चिखल किती बसलाय, हे धुळीच्या कामात रोज बघावं लागतं.

नमुना कसा काढायचा?

इंजिन गरम असताना, बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत. गार झालं की धातू आणि पाणी तळाला बसतात आणि नमुना खोटा येतो. चेंबरच्या नटातून काढत असाल तर आधी नटाभोवतीची माती पुसा, पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत घ्या, शेवटची नको. ऑइल चेंज नसेल तर डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढून घेता येतं, नळीचं टोक ऑइलच्या मध्यावर ठेवून, तळाला न टेकवता. फिल्टरमधलं ऑइल नमुना म्हणून कधीच देऊ नका.

बाटली लॅबची किंवा नवी कोरडी. पाण्याची जुनी बाटली धुऊन वापरली तर रिपोर्टमध्ये पाणी निघेल आणि तुम्ही हेड उतरवायला लावाल. चिठ्ठीवर इंजिनाचे एकूण तास, या ऑइलचे तास, ऑइलचा ब्रँड आणि ग्रेड, मध्ये किती टॉप-अप केलं ते लिहा. पहिल्या वेळी त्याच ब्रँडच्या नव्या ऑइलचाही नमुना पाठवा.

एक रिपोर्ट काढला, सगळं नॉर्मल आलं. आता निश्चिंत?

एका रिपोर्टवर फार भरवसा ठेवू नका. तुमच्या इंजिनाची तुलना त्याच इंजिनाच्या मागच्या रिपोर्टांशी करायची असते. समजा, एका ट्रकचं लोखंड नेहमी ५५-६० पीपीएम येतं आणि याही वेळी ५८ आलं. त्याच्या शेजारच्या ट्रकचं नेहमी २० यायचं ते ४५ झालं. लॅबच्या मर्यादेत दोन्ही नॉर्मल, पण मला काळजी दुसऱ्याची वाटेल. तिसऱ्या-चौथ्या रिपोर्टनंतर तुमच्या इंजिनाचा स्वभाव कळायला लागतो.

तासांचा हिशोबही घाला. १०० तास चाललेल्या ऑइलमधले ३० आणि २५० तास चाललेल्यामधले ३० सारखे नव्हेत. आणि इंजिन ऑइल खात असेल, सारखं टॉप-अप होत असेल, तर नव्या ऑइलमुळे आकडे पातळ होऊन सगळं गोड दिसतं.

रिपोर्ट खराब आला. इंजिन खोलायचं का?

लगेच नाही. आधी पुन्हा नमुना काढा, या वेळी काळजीने. तोवर सोपी कारणं तपासा: होज-क्लॅम्प, फिल्टर, नोझल, रेडिएटरच्या तोंडाशी ऑइलची साय, ब्रीदरमधून येणारा बॅक कॉम्प्रेशनचा (रिंगांवरून खाली निसटणाऱ्या हवेचा) जोर. सिलिकॉनमुळे झीज वाढली असेल तर गळती बंद करून, ऑइल-फिल्टर बदलून ५० तासांनी पुन्हा बघा. पुष्कळदा आकडे खाली येतात आणि इंजिन वाचतं. शिसं-तांबं दुसऱ्या नमुन्यातही चढं असेल तर मात्र चेंबर उतरवून बेअरिंग बघाच. त्या टप्प्यावर नुसत्या बेअरिंगच्या जोडावर भागतं. उशीर केला तर क्रँक ग्राइंडिंगला जातो, आणि त्याहून उशीर झाला तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

ऑइल प्रेशर कमी दाखवतंय म्हणून जाड ऑइल घातलं तर?

काटा वर येईल, बेअरिंग तेवढंच झिजलेलं राहील. शिवाय जाड ऑइल गार इंजिनात वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. गाडी विकायच्या आधी काही जण हा उपाय करतात, म्हणून जुनी गाडी घेताना ऑइल गरम झाल्यावर प्रेशर बघा आणि जमलं तर नमुना लॅबला द्या. ग्रेड पुस्तिकेत लिहिलेलीच वापरायची. बीएस-६ गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, जुनं उरलेलं घातलं तर डीपीएफ चोक होतो.

रेडिएटरमध्ये साधं पाणी चालतं का?

चालवतात सगळे, पण नको. बोअरच्या पाण्याने खपल्या धरतात, आणि कूलंटमधलं रसायन नसेल तर लायनरला पाण्याच्या बाजूने बारीक भोकं पडत जातात. ती आरपार गेली की पाणी ऑइलमध्ये. तयार कूलंट वापरण्याचा आणखी एक फायदा: गळती झाली तर ऑइलच्या रिपोर्टमध्ये सोडियम-पोटॅशियम लवकर बोलतं.

पुराचं पाणी गाडीत गेलं होतं. आता उतरलंय. स्टार्टर मारून बघू?

अजिबात नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुराने हे कोल्हापुरात पुष्कळांना शिकवलं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पहिल्याच फेऱ्यात रॉड वाकतो. बॅटरी सोडवा. चेंबरचा नट हळू ढिला करा. पाणी ऑइलखाली बसतं, त्यामुळे शिरलं असेल तर आधी तेच येईल. एअर क्लीनर उघडून आत चिखल किती पोचला बघा. नोझल काढून इंजिन हाताने फिरवा, म्हणजे पाणी बाहेर पडेल. डिझेल टाकी, गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलही रिकामे करून बघायचे. ऑइल-फिल्टर नवे घालून इंजिन थोडा वेळ चालवा आणि ते ऑइलही टाकून द्या. त्यानंतरच्या ऑइलचा नमुना मात्र लॅबला नक्की पाठवा, कारण पुराच्या पाण्यातली बारीक माती एका धुण्यात निघत नाही.

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हाच सखल भागातले जनरेटर आणि गाड्या हलवायला घ्या. ४३ फुटांची, धोक्याची वाट बघू नका.

मोटारसायकल किंवा कारचं ऑइलही लॅबला द्यावं का?

मोटारसायकलचं नको. लिटरभर ऑइल असतं, वेळेवर बदला. कारला विकत घेताना किंवा काही शंका असेल तर एकदा. नियमित तपासणी परवडते ती ट्रक, लोडर, जनरेटर यांना, जिथे ऑइल भरपूर लागतं आणि इंजिन बंद पडलं की धंदा बंद पडतो.

ऑइल ॲनालिसिसमध्ये काय सापडत नाही?

अचानक तुटणारी गोष्ट. बेल्ट तुटणं, व्हॉल्व्ह मोडणं, होज फुटून पाणी जाणं, वायरिंग किंवा सेन्सरचा बिघाड. त्यांच्यासाठी रोजची पाहणीच लागते, आणि ती ड्रायव्हरशिवाय होत नाही. सपाट जागी गाडी उभी करून सकाळी डिपस्टिक, कूलंट, खाली पडलेले थेंब, वॉटर सेपरेटरमधलं पाणी, बेल्टचा ताण. आणि चालवताना धुराचा रंग. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, गरम इंजिनातून सतत पांढरा म्हणजे पाणी किंवा न जळलेलं डिझेल. हे एका वहीत लिहायला लावा आणि ती वही मालकाने आठवड्यातून एकदा खरंच वाचावी. ड्रायव्हरने आवाज बदललाय म्हणून सांगितलं आणि मालक खेप बुडाली म्हणून त्याच्यावरच ओरडला, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

गगनबावड्याच्या घाटात भरल्या गाडीला ऑइल प्रेशरचा दिवा लागला. वर पोचेपर्यंत न्यावी का?

नाही. जिथे बाजूला घेता येईल तिथे घ्या, इंजिन ताबडतोब बंद करा, चाकांना दगड लावा आणि मागे अंतरावर त्रिकोण ठेवा. दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा, पण घाटाच्या चढावर आकडा नेमका येत नाही हे लक्षात असू द्या. ऑइल काठीला लागतच नसेल तर गळती शोधा. फिल्टर किंवा नट ढिला असेल तर ते कसून, ऑइल भरून दिवा विझतो का पाहा. ऑइल आहे आणि तरी दिवा जात नाही, तर सेन्सर खराब असेल असं स्वतःला समजावून गाडी काढू नका. सेन्सरची खात्री गेज लावूनच होते, आणि गेज घाटात नसतं. टोचन लावून गाडी खाली आणा.